अनुभव धागा: पोर्तुगालच्या किनाऱ्यावर, कॅफेत बसून नोकरी

सर्वांना नमस्कार. पोर्तुगालने ३० ऑक्टोबर २०२२ पासून दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी स्वतंत्र व्हिसा सुरू केला. त्यासाठी तिथल्या किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न दाखवावे लागते, म्हणजे २०२५ च्या हिशेबाने ३,४८० युरो. तेव्हापासून समुद्राकडे तोंड करून उघडलेल्या लॅपटॉपची छायाचित्रे आपल्याही ओळखीपाळखीतून येऊ लागली आहेत. ही छायाचित्रे पाहून जायचे ठरवणाऱ्यांसाठी हा धागा आहे. लॅपटॉप घेऊन बसू देणाऱ्या कॅफेत प्रत्यक्ष कामाचा दिवस कसा जातो, किती वेळ बसणे शोभते, घड्याळ कसे जुळते आणि कॅफेवाल्यांना आपल्याविषयी काय वाटते, हे तिथे राहिलेल्यांनी सविस्तर लिहावे. निसर्गवर्णन थोडे कमी असले तरी चालेल.

एरिसेरा

लिस्बनच्या कांपो ग्रांद बसथांब्यावरून साधारण तासाभरात एरिसेराला पोहोचता येते. पांढऱ्या भिंती आणि त्यांना निळ्या पट्ट्यांची किनार असलेले हे मासेमारीचे गाव आहे. याच गावच्या कोळ्यांच्या पुळणीवरून ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालचा शेवटचा राजा दुसरा मॅन्युएल होडीत बसून देशाबाहेर गेला. इथला किनारा २०११ साली जागतिक सर्फिंग राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला, आणि लाटांसाठी येऊन महिनोन्‌महिने राहणाऱ्या लोकांमुळेच इथे लॅपटॉपवाली कॅफे वाढली. त्याचा परिणाम रोज डोळ्यांना दिसतो. वारा पडला आणि भरतीची वेळ जुळली की भरलेले कॅफे दहा मिनिटांत रिकामे होते, आणि दोन तासांनी तीच माणसे ओल्या केसांनी परत येऊन अर्धवट राहिलेले तक्ते पुन्हा उघडतात.

मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर तपासणीचे काम करते. भारताची वेळ हिवाळ्यात इथल्यापेक्षा साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास पुढे असते. पुण्यातली साडेनऊची बैठक म्हणजे इथे पहाटेचे चार किंवा पाच. कॅफे आठच्या सुमारास उघडते. त्यामुळे माझा अर्ध्याहून अधिक दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलावरच संपतो, आणि कॅफेत येते ती पुण्यातली माणसे घरी जायच्या तयारीत असताना. त्यातून एक लाभ झाला. बैठका सगळ्या घरी उरकतात आणि कॅफेत फक्त शांतपणे करायचे काम उरते. कानाला यंत्र लावून तासभर मोठ्याने बोलणारा माणूस हा कॅफेवाल्यांचा सर्वांत नावडता गिऱ्हाईक असतो, हे मी काउंटरमागच्या चेहऱ्यांवरून सांगू शकते.

मी ज्या कॅफेत बसते तिथे मधोमध एक लांब लाकडी टेबल लॅपटॉपवाल्यांसाठी राखलेले आहे आणि विजेची सॉकेटे फक्त त्याच्याच खाली आहेत. खिडकीजवळची दोघांची टेबले खाणाऱ्यांसाठी असतात. साडेबारा ते अडीच जेवणाच्या वेळी लॅपटॉप बंद ठेवायचा, आणि शनिवार-रविवारी तो आणायचाच नाही, असे काचेवर लिहिलेले आहे. मालकीणबाईंनी मला याचे गणित एकदा सरळ समजावले. तीन-साडेतीन युरोंची एक कॉफी घेऊन चार तास बसणाऱ्यामुळे त्या जागेवरची दोन जेवणे बुडतात, आणि ऑगस्टमध्ये मिळालेल्या पैशांवर त्यांना जानेवारी काढायचा असतो. त्यानंतर मी दर दीड तासाने काहीतरी मागवते, आणि दुपारचे सूप तिथेच पिते. हा नियम कुणी घातलेला नाही, पण नव्याने येणाऱ्यांनी तो पाळावा असे माझे मत आहे.

गावातल्या जुन्या पास्तेलारीयात, म्हणजे बेकरी आणि चहाकॉफीचे दुकान एकत्र असते तिथे, मी लॅपटॉप कधीच उघडत नाही. तिथे कॉफी एका युरोच्या आसपास मिळते, निवृत्त माणसे उभ्याने ती पिऊन वर्तमानपत्र चाळतात आणि निघून जातात. स्वस्त पडते म्हणून तिथे ठाण मांडणे मला बरे वाटत नाही. अशा गावांतली भाडी आमच्यासारख्यांमुळे चढली अशी स्थानिकांची तक्रार आहे, आणि ती निराधार नाही.

एरिसेराच्या ताईंना पूरक

शाकाहारी मंडळींसाठी दोन ओळी लिहितो. जवळजवळ प्रत्येक कॅफेत दिवसाचे भाज्यांचे सूप असते आणि ते पोटभर असते, मात्र काल्दो व्हेर्द नावाच्या हिरव्या सुपात सॉसेजची चकती टाकण्याची पद्धत असल्याने आधी विचारून घ्यावे. चीज घालून भाजलेला तोश्ता सगळीकडे मिळतो. प्रसिद्ध पाश्तेल द नाता अंड्याच्या बलकाचे असते, त्यामुळे अंडे न खाणाऱ्यांनी त्याचा विषय सोडून द्यावा. आणि भारतातल्या लॅपटॉपची जाड तीन पायांची पिन तिथल्या सॉकेटात बसत नाही. ॲडाप्टर मुंबईतच घ्यावा, पर्यटकांच्या गावात तो महाग पडतो.

नाझारे, हिवाळा

प्रचंड लाटांसाठी नाझारे आता जगभर ठाऊक आहे. समुद्रतळाशी असलेल्या खोल घळीमुळे प्राया दो नोर्ते या किनाऱ्यापुढे लाटा उंच उठतात, आणि त्यांचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च असतो. मी त्याच महिन्यांत होतो. पोर्तुगाल उबदार देश आहे ही समजूत घेऊन आलेल्या नागपूरकराला तिथल्या घरांनी शहाणे केले. भिंती थंड, घर तापवण्याची मध्यवर्ती सोय नाही, हवेत अटलांटिकचा ओलावा, आणि कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर आठवड्याभरात हिरवट बुरशी. बाहेर चौदा अंश असताना घरात स्वेटर आणि त्यावर जाकीट घालून टंकलेखन करायचे, त्यापेक्षा बाहेर उन्हात बसलेले बरे वाटायचे. कॅफेत जाण्याचे माझे खरे कारण इतके साधे होते. भाड्याची जागा ठरवताना समुद्र दिसतो का यापेक्षा दुपारचे ऊन खोलीत येते का, हे विचारावे.

मोठ्या लाटांच्या दिवशी मात्र वरच्या सिटिओ भागातल्या कॅफेत काम होणार नाही हे गृहीत धरावे. गर्दी दीपगृहाकडे लोटते, टेबल मिळत नाही आणि मोबाइलचे इंटरनेटही अडखळते. अशा दिवशी मी रजाच टाकत असे.

लागोस, २८ एप्रिल २०२५

त्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास स्पेन आणि मुख्य भूमीवरच्या पोर्तुगालची वीज एकाच वेळी गेली. मी लागोसच्या जुन्या भागातल्या एका कॅफेत भाषांतराची शेवटची पाने तपासत होते. दिवे गेले, कॉफीयंत्राचा आवाज थांबला आणि टेबलाभोवतीच्या सर्वांनी आधी राउटरकडे पाहिले, जणू बिघाड तेवढ्यापुरताच होता. शेजारच्या दुकानातही तेच, मग बँकेतही, आणि अर्ध्या तासात लिस्बनहून आणि माद्रिदहून संदेश येऊ लागले तेव्हा प्रकरण मोठे असल्याचे कळले. भारतात तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. मोबाइलचे जाळे चालू होते तेवढ्यात नाशिकच्या प्रकाशकांना उशीर होणार असल्याचे कळवून टाकले. दुपारनंतर तेही जाळे क्षीण होत गेले.

कार्ड चालणार नसल्याने बिल देता येईना. कॅफेचालकाने वहीत नावे आणि रकमा लिहून घेतल्या आणि उद्या द्या म्हणाला. रोख पैसे फक्त दोन म्हाताऱ्या गिऱ्हाइकांकडे होते. वितळू लागलेले आइस्क्रीम त्याने रस्त्यावरच्या मुलांना वाटले, आणि कुणाच्या तरी घरून बॅटरीवर चालणारा रेडिओ आला, त्याभोवती संध्याकाळपर्यंत माणसे उभी होती. माझ्या लॅपटॉपमध्ये तीन तासांचा दम होता, तेवढ्यात पाने संपवली, पण पाठवायची कशी हा प्रश्न रात्री उशिरा वीज येईपर्यंत राहिला. तेव्हापासून पाकिटात पन्नास युरो रोख असतात, आणि चालू कामाची प्रत नेहमी लॅपटॉपवर उतरवलेली असते. फक्त इंटरनेटवरच असलेले काम त्या दिवशी माझ्या समोरच्या दोघांना उघडताही आले नाही.

पोंता दो सोल, मदेइरा

लागोसच्या ताईंचा अनुभव वाचून लिहावेसे वाटले. आमच्याकडे त्या दिवशी वीज गेली नाही, कारण बेटाची वीजव्यवस्था मुख्य भूमीला जोडलेलीच नाही. इथे फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रादेशिक सरकारच्या पाठबळाने दूरस्थ कर्मचाऱ्यांचे गाव वसवण्याचा प्रयोग झाला आणि जॉन दोस पासोस सांस्कृतिक केंद्रात नोंदणी करणाऱ्यांना बसायला मोफत जागा दिली गेली. त्यामुळे दिवसभराचे काम तिथे आणि कॅफे फक्त कॉफीपुरते, अशी विभागणी सहज होते. कॅफेवाल्यांशी आमचे संबंध चांगले राहिले याचे श्रेय मी त्या केंद्राला देतो.

कश्काइश, मूळचा मडगावचा

माझी वाट बहुतेकांपेक्षा वेगळी आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्वावर हक्क सांगता येतो. आजोबांच्या जन्मनोंदीवरून मी ते घेतले, त्यामुळे मला व्हिसा लागला नाही, पण भारतीय पासपोर्ट सोडावा लागला. घरात त्यावरून बराच काळ अबोला होता. तेव्हा हा मार्ग कुणी फुकटचा समजू नये.

व्यवसायाने हिशेबनीस असल्यामुळे कॅफेत शेजारी बसलेले भारतीय मला हमखास कराविषयी विचारतात. वर्षात १८३ दिवसांहून अधिक राहिल्यास पोर्तुगाल तुम्हाला तिथला करदाता मानतो, पगार पुण्याच्या खात्यात जमा होत असला तरी. बाहेरून येणाऱ्यांना पूर्वी मिळणारी मोठी करसवलत २०२४ पासून नव्या लोकांसाठी बंद झाली, पण इंटरनेटवरचे जुने लेख अजून तिचेच गोडवे गातात. भविष्यनिर्वाह निधीचे विचाराल तर भारत आणि पोर्तुगाल यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार मे २०१७ पासून लागू आहे. कंपनीने अधिकृतपणे पाठवलेल्या कर्मचाऱ्याला त्याखाली भारतातच वर्गणी भरत राहता येते. त्याचे प्रमाणपत्र भारतातल्या भविष्यनिर्वाह निधी संघटनेकडून निघते आणि अर्ज कंपनीच्या सहभागाशिवाय होत नाही. स्वतःच्या मर्जीने गेलेल्याने या कराराचा आधार गृहीत धरू नये, आणि मनुष्यबळ विभागाची लेखी परवानगी हातात आल्यावरच घराचे भाडे आगाऊ भरावे. परदेशातून लॉग-इन दिसताच कंपनीने खाते गोठवल्यामुळे तीन आठवड्यांत परतलेले एक गृहस्थ माझ्याच टेबलावर बसत असत.