मदत हवी आहे: उल्का दिसत असतानाच तिचा आवाज ऐकू येणे शक्य आहे का?

काल रात्री नऊनंतर पश्चिमेकडून ईशान्येकडे जाणारी एक विलक्षण तेजस्वी उल्का पाहिली. शुक्राहून तेजस्वी उल्केला अग्निगोळा म्हणतात. हिच्या उजेडात तर जमिनीवर स्पष्ट सावल्या पडल्या. ती लुकलुकत गेली, हिरवट दिसली आणि शेवटी तिचे दोन तुकडे झाले. उपग्रहाचे किंवा रॉकेटचे अवशेष सेकंदाला ८ किलोमीटरहून कमी वेगाने शिरतात आणि पुष्कळदा मिनिटभर रेंगाळताना दिसतात. हा प्रकार मात्र काही सेकंदांतच आटोपला, त्यामुळे ती उल्काच असावी असे मी धरून चाललो आहे.

अडचण आवाजाची आहे. ती दिसत असतानाच बारीक चरचर ऐकू आली आणि ती मावळताच थांबली. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ६० किलोमीटर उंचीवरून तो पोहोचायला जवळजवळ तीन मिनिटे हवीत. २०१३ साली रशियात चेल्याबिन्स्क येथे आकाशात फुटलेल्या उल्केची आघातलहर (हवेच्या दाबाचा जोरदार धक्का) उजेडानंतर दोनएक मिनिटांनी आली, आणि तोवर काय झाले ते पाहायला खिडकीशी गेलेले अनेक जण काचांनी जखमी झाले. मी नंतर बराच वेळ कान देऊन उभा होतो, पण गडगडाट आला नाही.

१७१९ च्या अग्निगोळ्याविषयी अशा कथा खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलींच्या कानी आल्या, तेव्हा त्यांनी त्या कल्पनेचे खेळ ठरवल्या. (हॅलींनी झिडकारलेली गोष्ट विचारताना थोडा संकोच वाटतो.) पुढे भौतिकशास्त्रज्ञ कॉलिन के (Keay) यांनी अतिशय कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरींचे स्पष्टीकरण मांडले (त्या प्रकाशाच्या वेगाने येऊन जवळच्या वस्तूंना कंपित करतात), २०१७ मध्ये आलेले दुसरे असे की, वेगाने लुकलुकणारा प्रखर उजेड केस, पाने, कापड यांना क्षणोक्षणी तापवतो आणि लगतच्या हवेत ध्वनी उमटतो. मी वाळक्या पानांच्या ढिगाशेजारी उभा होतो, म्हणून मला दुसरे अधिक पटते. तरी मनाने उजेडाला आवाज जोडला असण्याची शक्यता कशी वगळावी, हे कळत नाही.

जाणकारांना दोन विनंत्या आहेत. असा आवाज कोणी प्रत्यक्ष ऐकला असल्यास त्या वेळी आसपास काय होते, ते कृपया लिहावे. तसेच आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेकडे नोंद करताना मार्गाच्या दोन्ही टोकांची दिशा आणि क्षितिजापासूनची उंची घरांच्या व झाडांच्या आधाराने होकायंत्राने आज मोजली, तर ती ग्राह्य धरतात का?