स्टेरॉइडमुळे मुलांची उंची खुंटते ती नेमकी कशामुळे?

जिज्ञासू: प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड बरेच महिने चाललं की वाढ मंदावते म्हणतात, पण हाडातल्या रक्तवाहिन्यांचा यात काय संबंध?

हाडवैद्य: आहे ना! ग्रोथ प्लेटच्या, म्हणजे हाडाच्या टोकाजवळच्या वाढीच्या पट्टीच्या, कूर्चेत रक्तवाहिन्या नसतातच, तिथल्या फुगलेल्या पेशी व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन) सोडतात, मग खालून केशवाहिन्या आत घुसतात आणि त्यांच्यासोबत हाड बांधणाऱ्या पेशी येतात. स्टेरॉइड तो व्हीईजीएफच कमी करतं, शिवाय कूर्चेच्या पेशींची वाढही रोखतं, म्हणजे दोन्हीकडून मार.

जिज्ञासू: मग बंद केल्यावर?

रात्रपाळी: बरीचशी उंची भरून निघते, पूर्ण निघेलच असं नाही. पण म्हणून मनानं गोळ्या एकदम थांबवू नका हं, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणारी अॅड्रिनल ग्रंथी सुस्तावलेली असते, डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात.