मदत हवी आहे : जंगल आणि पर्यटनावर लिहून पोट भरता येईल का?

नमस्कार मंडळी. मी ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या गावात राहते, मराठीत एम.ए. केलंय. वन्यजीव आणि जबाबदार पर्यटन यांवर लिहिणं हाच व्यवसाय करायची मनापासून इच्छा आहे.

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं. त्यावर भरपूर लिहिलं जातं, पण बहुतेक सफारीच्या जिप्सीत बसून दिसलेलं. उन्हाळ्यात आमच्याकडच्या बाया भल्या पहाटे मोहफुलं वेचायला जातात. वाकून वेचणाऱ्या बाईला मागून येणारा वाघ दिसत नाही. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, त्यातून कधी वणवा पेटतो. गेटवर पर्यटकांची रांग असते तेव्हाच हे चाललेलं असतं. मला या दोन्ही गोष्टी एकाच लेखात आणायच्या आहेत. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल गावाने मिळून वापरण्याचा आणि सांभाळण्याचा हक्क मिळाला, तशा गावांवरही लिहायचंय.

आता अडचण. स्थानिक पेपर लेख छापतात, मानधन देत नाहीत. मराठीतच राहून भागेल, की इंग्रजीतही लिहावंच लागेल? संपादकाला आधी पूर्ण लेख पाठवायचा की नुसता विषय? एका रिसॉर्टने फुकट राहण्याच्या बदल्यात लेख मागितलाय. मला ते पटत नाही, पण या क्षेत्रात काय रीत आहे? आणि वाघीण पिल्लांसह असेल तर पाणवठ्याचं नाव मी गाळते. संपादकाने आग्रह धरला तर काय सांगता तुम्ही?

या कामात असलेल्यांनी जरूर लिहा. अभ्यासवृत्त्यांची माहिती असेल तर तीही हवी आहे.