शुगर कंट्रोलमध्ये आली तरी पायाच्या रक्तवाहिन्या बारीक का व्हायल्यात? एजीई, रेज हे काय असतं?

गोदाकाठ_परभणी:
नमस्कार मंडळी. वडील शेतकरी आहेत, शुगर बरीच वर्षं अंगात होती पण तपासलीच नव्हती, डोळ्याला अंधुक दिसायलं तेव्हा कळलं. आता गोळ्या टायमावर चालू आहेत, एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट) ६.८ वर आलंय, म्हणून घरचे सगळे निवांत झालो होतो अन् आता थोडं चाललं की पिंडऱ्या भरून येतात म्हणून डॉपलर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) केलं तर गुडघ्याखालच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. डॉक्टर म्हणाले जुन्या शुगरचे एजीई साचलेत, त्यांचे रिसेप्टर आतून सूज चालू ठेवतात. ओपीडीत इतकी गर्दी की पुढचं विचारताच आलं नाही. शुगर खाली आली म्हणजे हे थांबायला पाहिजे ना? आणि तो रिसेप्टर बंद करायची गोळी मिळते का?

बायोकेमवाली_लातूर:
दादा, रक्तात साखर जास्त राहिली की ती प्रोटीनला चिकटते, त्याला एन्झाइम वगैरे काही लागत नाही. तव्यावर भाकरी तांबूस होते तीच ही रिॲक्शन, फक्त शरीरात ती हळूहळू वर्षानुवर्षं चालते. एचबीएवनसी हा तिचा सुरुवातीचा टप्पा, आणि लाल पेशी साधारण १२० दिवस जगते म्हणून तो रिपोर्ट मागच्या दोन-तीन महिन्यांचंच सांगतो. पण रक्तवाहिनीच्या भिंतीतलं कोलॅजन, म्हणजे भिंतीला आधार देणारं धाग्यासारखं प्रोटीन, इतक्या लवकर बदलत नाही, त्याच्यावर बसलेल्या साखरेचं पुढं पक्कं एजीई, म्हणजे साखर चिकटून कायमचं बिघडलेलं प्रोटीन, होतं आणि ते शुगर उतरली म्हणून सुटून जात नाही. म्हणजे रिपोर्ट आजचा चांगला आणि भिंतीत माल जुना.

आता रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची अशी जागा की जिथं ठराविक रेणू येऊन बसला की पेशीला आत निरोप जातो. एजीईच्या रिसेप्टरचं नाव रेज. डेव्हिड स्टर्न आणि ॲन मेरी श्मिट यांच्या टीमनं तो गायीच्या फुप्फुसातून वेगळा काढला, १९९२ ला पेपर आले. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींवर तो असतो, एजीई त्याला येऊन लागला की पेशीत ऑक्सिडंट (पेशीला इजा करणारे रेणू) वाढतात, एनएफ-कप्पा-बी नावाचा स्विच चालू होतो, मग व्हीकॅम-वन सारखे चिकट रेणू पेशीवर येतात, त्यांना धरून रक्तातल्या पांढऱ्या पेशी भिंतीत घुसतात, रक्त गोठायची प्रवृत्ती पण वाढते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हाच स्विच रेज अजून जास्त बनवायला लावतो. शिवाय सुजेच्या जागी पेशी स्वतःच एस-१००, एचएमजीबी-वन असली प्रोटीन सोडतात आणि ती पण याच रिसेप्टरवर बसतात, त्यामुळं साखर नॉर्मलला आली तरी चक्र फिरत राहू शकतं.

रेसिडेंट_संभाजीनगर:
मॅडमनी छान सांगितलं, पण सगळं रेजवर टाकू नका. एजीई रिसेप्टरशिवायही त्रास देतात, कोलॅजनच्या धाग्यांना एकमेकांशी जखडतात म्हणून वाहिनी कडक होते. आणि बीपी, कोलेस्टेरॉल, तंबाखू यांचा वाटा अजिबात छोटा नाही.

गोळीचं विचारलं म्हणून सांगतो. १९९८ ला मधुमेही उंदरांना रेजचा सुटा, विरघळणारा तुकडा दिला, तो एजीईला रक्तातच धरतो आणि पेशीवरच्या रिसेप्टरपर्यंत जाऊ देत नाही, तर त्यांच्या धमन्यांतला अडथळा वाढायचा थांबला. सगळ्यांना तेव्हा लई आशा लागली होती. माणसात मात्र तसं औषध अजून आलं नाही. ॲझेलिरागॉन नावाची रेज अडवणारी गोळी अल्झायमरच्या मोठ्या ट्रायलमध्ये २०१८ ला फेल गेली. एजीई तयारच होऊ न देणारं अमिनोग्वानिडिनही मान्यतेपर्यंत पोचलं नाही. म्हणून कुणी "एजीई साफ करणारी" पावडर विकत असेल तर एक रुपया देऊ नका.

पण शुगर खाली आणली ती वाया गेली असं बिलकुल समजू नका. डीसीसीटी ट्रायल १९८३ ते १९९३ चालली, टाइप-१ चे १४४१ पेशंट होते, एका गटाला शुगरचा कडक कंट्रोल आणि दुसऱ्याला नेहमीचा. ट्रायल संपल्यावर दोन्ही गटांची शुगर जवळपास सारखीच झाली, तरी सुरुवातीला कडक कंट्रोल ठेवलेल्यांत हृदयाचे आणि मेंदूच्या झटक्याचे प्रकार पुढं ४२ टक्क्यांनी कमी निघाले. टाइप-२ मध्ये ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस ट्रायलनं असाच दूरचा फायदा दाखवला. म्हणून घरात ज्यांची शुगर आत्ताच निघालीय त्यांना पहिल्या वर्षापासून धरा, भाऊबहिणींची तपासणी करून घ्या.

सुनबाई_बीड:
मग भाकरी पण बंद करायची का?

बायोकेमवाली_लातूर:
नाही हो ताई, भाकरी खाऊ द्या. कोरड्या आचेवर आणि तळण्यात एजीई जास्त बनतात, त्यातही मटण-चिकन भाजलं-तळलं तर खूप, पाण्यात शिजवलेल्यात कमी. पातळ रस्सा, वरण, उसळ बरी. पोटातून त्यातला थोडाच भाग रक्तात जातो, त्यापेक्षा बिडी बंद करणं कितीतरी मोठं काम आहे, धुरातून एजीई बनवणारे घटक थेट रक्तात जातात.

गोदाकाठ_परभणी:
बिडी आहे. दिवसातून बऱ्याच होतात. आणि शेतात अनवाणीच फिरतात, चप्पल घाला म्हणलं की ऐकत नाहीत.

रेसिडेंट_संभाजीनगर:
मग आधी हे दोन. तुरीचं धसकट पायात घुसलं तरी शुगरनं बधिर झालेल्या पायाला कळत नाही, आणि रक्तपुरवठा कमी म्हणून जखम चिघळते. रोज रात्री तळवा आणि बोटांच्या बेचक्या तुम्ही स्वतः बॅटरी लावून बघा. पुढच्या भेटीत स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळीचं विचारा, आणि पायाचा-हाताचा बीपी रेशो काढून घ्या. तो ०.९ च्या खाली म्हणजे अडथळा, पण शुगरवाल्यांच्या वाहिन्या कडक झाल्या की तो खोटा जास्त येतो, तेव्हा पायाच्या अंगठ्याचं प्रेशर मोजायला सांगा. चालायला लावा, पिंडरी दुखली की थांबायचं, परत चालायचं. रात्री झोपेत पाय ठणकायला लागला किंवा बोट काळं पडलं तर मात्र सकाळची वाट बघू नका, लगेच व्हॅस्क्युलर सर्जन असलेल्या दवाखान्यात न्या.