सीपीयू ७८ वर, अलार्म गप्प, स्टोरेज बंद

रॅकराखण:
मंडळी, रविवारी फजिती झाली. सर्व्हरांचा एक रॅक, एक एसी एवढाच आमचा संसार. दुपारी एसी ट्रिप झाला. सोमवारी दार उघडलं तर भट्टीसारखी झळ अंगावर आली आणि स्टोरेज स्वतःहून बंद होऊन बसलेलं. मॉनिटरिंग नव्हतं असं नाही हो! सीपीयू ९० अंशांच्या वर गेला की मेल, असं लावलं होतं. तो ७८ च्या पुढे गेलाच नाही. गेला असता तरी मेल सर्व्हर त्याच रॅकमध्ये. हसा खुशाल.

सगळं मिळून चाळीसेक सेन्सर दिसतात. अलार्म नेमका कशावर लावू, आणि किती अंशांवर?

गारहवा:
सीपीयूवर भिस्त ठेवलीत तिथेच फसलात. खोली तापली की बोर्ड आधी पंखे पळवतो, सीपीयू जागचा हलत नाही आणि आपल्याला सगळं आलबेल वाटतं. रविवारचा पंख्यांच्या आरपीएमचा आलेख काढा, तिथे सापडेल.

अलार्म इनलेटवर लावा, म्हणजे सर्व्हर पुढून जी हवा ओढतो तिच्यावर. आयपीएमआयमध्ये (सर्व्हरची तब्येत बाहेरून बघायची सोय) बहुतेक ठिकाणी 'इनलेट' किंवा 'अँबियंट' नावाने मिळतो. अ‍ॅशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस १८ ते २७ अंशांची आहे. मी २८ ला इशारा आणि ३२ ला थेट फोन ठेवलाय. इशारा मिटतो तो २६ च्या खाली आल्यावरच, नाहीतर २७.९, २८.१ करत रात्रभर टुणटुण चालते. शिवाय दहा मिनिटांत ३ अंश चढले तर आकडा कितीही असो, फोन वाजतो. बंद खोलीत एसी गेल्यावर हाच अलार्म सगळ्यात आधी येतो.

रॅकराखण:
काढला आलेख. पंखे ५,४०० वरून १३,००० वर गेले आणि त्यानंतर तासाभराने कुठे सीपीयू हलला! समोर दिसत होतं, बघणारा नव्हता.

पण आता नवीनच कोडं. सर्व्हरचा इनलेट २३ आणि त्याच रॅकमधल्या स्विचचा ३४. एसएनएमपीवर (ज्यावरून स्विचचे आकडे वाचतो) दशांश तर चुकत नाही ना?

तिसराखिळा:
दशांश चुकला असता तर ३.४ नाहीतर ३४० दिसलं असतं. स्विचचे पोर्ट रॅकच्या मागच्या बाजूला आहेत का? टिश्यूचा एक कपटा पोर्टांसमोर धरून बघा, चिकटतो की उडतो.

रॅकराखण:
मागेच आहेत, केबली आखूड पडाव्यात म्हणून. कपटा चिकटला.

तिसराखिळा:
मग स्विच सर्व्हरांनी टाकलेली गरम हवा पितोय. उलट्या दिशेचे पंखे आणि त्याच दिशेचे पॉवर सप्लाय घ्या. दोन्ही एकाच दिशेचे हवेत, एक असा एक तसा चालत नाही. नाहीतर स्विच फिरवा. आणि रॅकमधल्या रिकाम्या खणांवर (यूंवर) पट्ट्या मारा, तिथून गरम हवा वळसा घालून पुढे येते.

जुनाजाणता:
एक राहिलं. यंत्राचा सेन्सर यंत्राबरोबरच मरतो. रॅकच्या पुढच्या दारावर वरच्या तिसऱ्या भागात वेगळा तापमान सेन्सर, डीएस१८बी२०, लावा. तो अधूनमधून नेमका ८५.० दाखवेल, घाबरू नका, वीज आल्यावर मोजणी व्हायच्या आधीचा तो ठरलेला आकडा आहे. तेवढा गाळून टाका. आमच्याकडे त्याच आकड्याने एकदा पहाटे तीनला चौघांना पळवलंय.

मेलचं म्हणाल तर बाहेरच्या एखाद्या मशीनला दर मिनिटाला 'आहे' एवढं कळवत राहा. पाच मिनिटं काही आलं नाही की त्यानेच बोंब मारायची. रॅक मेला तरी निरोप पोचतो.

रॅकराखण:
शनिवारी स्विच फिरवला. इनलेट २५ वर आला. अकरा केबली आता टोकापर्यंत पोचत नाहीत, त्या नव्याने ओढतोय. 'आहे'वालं कालच सुरू केलं, आणि चाचणी म्हणून केबल उपटली तर सहाव्या मिनिटाला साहेबांचाच फोन. नंबर त्यांचा टाकला गेला होता.