पत्रिकेवरचा सोनेरी गणपती आणि पाचवी प्लेट
छापून आलेल्या पत्रिकेवरचा सोनेरी गणपती मातकट पिवळा का दिसतो, या प्रश्नावर 'पॅन्टोन रंग (क्रमांकाने ओळखली जाणारी तयार शाई) निवडून वेगळी लेयर करा' असं सुचवलं जातं. तेवढ्याने भागणार नाही. फोटोशॉपमध्ये लेयरला पॅन्टोन रंग दिला तरी तो सीएमवायकेतच, म्हणजे छपाईच्या निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या या चार नेहमीच्या शाईंतच मोडला जातो; प्रत्येक शाईची एक प्लेट असते, पण सोनेरीची पाचवी प्लेट निघतच नाही. आणि या चार शाईंतून धातूची चमक येणं शक्य नाही.

गणपती सिलेक्ट करा, चॅनल्स पॅलेटच्या मेनूतून 'न्यू स्पॉट चॅनल' (जादा शाईसाठी वेगळा चॅनल) घ्या आणि पॅन्टोन ८७१ सारखी मेटॅलिक शाई निवडा. २०२२च्या अखेरीस बहुतेक पॅन्टोन याद्या अडोबीतून गेल्या, त्यामुळे यादी नसेल तर नाव हाताने टाइप करा. पडद्यावर कुठलाही पिवळा चालेल. त्याच खिडकीतली 'सॉलिडिटी', म्हणजे शाई किती दाट दिसावी तो आकडा, हीसुद्धा फक्त पडद्यापुरती असते, छपाईत तिचा काही परिणाम नाही.

खरी गोम पुढे आहे. स्पॉट चॅनल खालच्या रंगांवर ओव्हरप्रिंट होतो, म्हणजे खालचा रंग न काढता त्याच्यावरच छापला जातो. पत्रिका लाल असेल तर गणपतीखालचा लाल आपणच काढावा लागतो. चॅनलवर कंट्रोल-क्लिक करून सिलेक्शन घ्या, ते एखाद-दोन पिक्सेल आत घ्या आणि मगच खालचा रंग पुसा. नाहीतर रजिस्टर, म्हणजे प्लेटांची एकमेकींवरची जुळणी, जरा हललं की कडेला पांढरी रेघ दिसते.

नावं-तिथी मात्र कृपया इलस्ट्रेटर किंवा कोरलमध्येच करा. चॅनलमधली बारीक अक्षरं पिक्सेलचीच असतात, वेलांट्या-अनुस्वार फुटतात. तिथेही शाईचं नाव अक्षरशः तेच ठेवा, नाहीतर सोनेरीच्या दोन प्लेटा निघतील.