मधुमेहातली पायाची काळजी: चिऱ्याच्या भिंतीवर कावी जमेल का?

रंगपेटी_पेडणे
१४ नोव्हेंबरच्या मधुमेह दिनाआधी पंचायतीच्या कुंपणभिंतीवर चित्र करायचं आहे. भिंत चिऱ्याची (जांभ्या दगडाची), वर जुना सिमेंटचा गिलावा, २० बाय ६ फूट. विषय पायाची काळजी, शैली कावी, म्हणजे चुन्यातली तांबडी-पांढरी भित्तिचित्रं. पाऊस ओसरल्यावर जेमतेम महिना हाताशी. थेट कावी होईल का? आणि चित्रात काय घ्यावं?

चुनागेरू
खरी कावी विसरा. तिच्यात चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबडी माती कालवलेल्या चुन्याचा पातळ थर देतात आणि तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा उघडा करतात. मोरजीला मोरजाईच्या देवळात पाहून या. जुन्या सिमेंटवर हा थर धरत नाही, पापुद्रे सुटतात. पांढरा आणि तांबडा, दोनच रंग घेऊन बाज तेवढा उतरवा. तांबडा रेड ऑक्साइडच घ्या. भडक लाल उन्हात लवकर विटतो.

खरी डोकेदुखी ओलीची. फूटभर प्लास्टिक चारही कडांना चिकटपट्टी लावून २४ तास भिंतीवर ठेवा. आतून थेंब दिसले तर रंगाचा डबा उघडू नका. शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडा, मग एक भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी लावून १५ मिनिटांनी धुवा (सोबत ॲसिड अजिबात नको, विषारी वायू होतो). पांढरा क्षार फुललेला असेल तर तो मात्र कोरडाच झाडायचा. पाण्याने विरघळून पुन्हा आत जातो. भिंत सुकली की बाहेरच्या भिंतीचा प्रायमर एक हात, ॲक्रिलिक इमल्शन दोन हात, मध्ये ४ ते ६ तास. पांढरा अडीच लिटर पुरेल. तेलरंग नको: चिरा ओल ओढतो, तेलरंग ती बाहेर पडू देत नाही, मग फोड येतात. खालच्या दीड फुटात चित्र नकोच, तिथे चिखलाचे शिंतोडे ठरलेले. गडद पट्टा मारून सोडा.

तळपाय
जिलेबीवर फुली आणि कापलेला पाय, दोन्ही टाळा. भीतीने माणूस मान फिरवतो. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीच्या २०२३च्या अहवालात गोव्यातलं मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के आहे, पण रस्त्याने जाणाऱ्याला टक्केवारी काय कामाची?

मुख्य मुद्दा एकच: मधुमेहात पायाची संवेदना गेली की जखम दुखत नाही, म्हणून ती कळतही नाही. मधोमध मोठा तळवा आणि त्याखाली आरसा काढा. भोवती छोट्या चौकटी: बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसणारा हात, तेल तळव्याला, बेचकीत नाही, चप्पल घालण्याआधी आत खडा आहे का ते चाचपणं. गोव्यासाठी आणखी एक चौकट हवीच, दुपारची तापलेली देवळाची फरशी. चप्पल बाहेर, चटका जाणवत नाही, फोड घरी आल्यावर दिसतो. तिथे मोजे घातलेला पाय दाखवा. मधुमेहाचं निळं वर्तुळ कोपऱ्यात घ्या, तांबड्या-पांढऱ्यात तेवढाच निळा उठून दिसेल. मजकूर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून आधी तपासून घ्या.

रंगपेटी_पेडणे
अक्षरं केवढी? रस्ता ३० फुटांवर आहे.

चुनागेरू
दहा फुटांना एक इंच धरतात, म्हणजे तीन. पण देवनागरीत मात्रा-वेलांट्या गिचमिड होतात, पाच इंच ठेवा. आणि चौकटीला तीन-चार शब्दांवर जाऊ नका.